देअर इज, देअर आर

संध्याकाळी सात ते साडेआठ, नवापुऱ्यातली शाळा.
बाकं सहावीच्या पोरांच्या मापाची,
म्हणून सगळे गुडघे बाहेर काढून तिरके बसतात,
जसं काही मांडवातून पंगत लवकर उठायची आहे.

पाठ चौथा: माय लोकल एरिया.
पुस्तकातल्या गावात एक बँक, एक बेकरी,
एक तळं, तळ्यात तीन बदकं.
रस्त्यावर चिटपाखरू नाही.
जयंतीभाईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.
'मॅडम, इथे कर्फ्यू लागलाय का?'
मागच्या दोन बाकांवरचे हसले नाहीत.

ऑपोझिट म्हणजे समोर, मी सांगितलं.
सरयूबेननी मोबाइलमध्ये शोधलं: विरुद्ध.
'बँक घराच्या विरुद्ध. हे खरंय, मॅडम,
चार हप्ते थकलेत.'
मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले.

मग सरावाचा प्रश्न, पुस्तकाने गंमत म्हणून घातलेला:
इज देअर अ क्रोकोडाइल इन युअर स्ट्रीट?
उत्तर ठरलेलं. नो, देअर इज नॉट.
पुस्तक विश्वामित्रीच्या काठी छापलेलं नाही.
वडसरहून येणारी झरीना उभी राहिली,
उद्या दूध किती ठेवायचं ते सांगावं
तशा आवाजात म्हणाली:
यस. इन ऑगस्ट. नियर द स्कूटर.
मी चूक शोधली. सापडली नाही.

फणसेकाका पहिल्या बाकावर, वय एक्क्याहत्तर.
नात विनिपेगला, सहा वर्षांची.
तिला मराठीत दोनच शब्द येतात,
'आजोबा' आणि 'नको'.
परवा तिने विचारलं म्हणे, तुमच्या घराजवळ काय काय आहे,
आणि काकांनी फोन सुनेच्या हातात दिला.
त्यासाठी ही फी, ही वही, ही टोक केलेली पेन्सिल.

'खांचा म्हणजे काय लिहू?'
लेन लिहा, मी म्हटलं.
'लेनमधून माणूस पलीकडे निघतो. खांच्यातून परत फिरतो.'
मग लिहिलं त्यांनी: आय लिव्ह इन चुनेवाला खांचा.
देअर इज नो चुनेवाला.

'आणि नियर म्हणजे नक्की किती?'
जवळ.
'सायकलने जवळ, की हाकेच्या अंतरावर?
आमच्यात हाकेनेच मोजायचे.
एका हाकेवर गिरणी, दीडावर वैद्य.
आईची हाक सूरसागराच्या पाण्यापर्यंत जायची,
पतंग टाकून यावं लागे.'

इंग्रजीत असं माप नाही, मी म्हटलं,
पण तोवर ते फळ्याशी पोचले होते.
माय हाउस इज टू शाउट्स फ्रॉम द लेक.
शाउट म्हणजे ओरडणं, काका. भांडल्यासारखं होतं.
कॉल्स लिहा. पण नको,
कॉल म्हटलं की ती फोन समजेल.
खडू हातात धरून ते जरा थांबले.
'फोन रविवारी एक, गुरुवारी एक.
म्हणजे विनिपेगही दोनच कॉल्सवर.'
व्याकरणाने बघितलं तर वाक्य मी खोडायला हवं होतं.
तेवढ्यात शिपायाने किल्ल्या वाजवल्या.

गृहपाठ: घरापासून निघा, पाच वाक्यं लिहा.

गोत्रीच्या सोसायटीत शिरताना मी स्वतःच करून पाहिला.
देअर इज अ लिफ्ट.
देअर इज अ कॅमेरा ऑपोझिट द लिफ्ट.
देअर आर फोर डोअर्स.
चौथ्या वाक्याला अडले:
तीन दारांवर नुसते आकडे,
हाक मारायची तर काय म्हणून.

कुलपात किल्ली फिरवताना लक्षात आलं,
फळा पुसायचा राहिला.
सकाळी सहावीची पोरं येतील, मोठ्याने वाचतील,
टू शाउट्स फ्रॉम द लेक,
आणि एखादा खिडकीशी जाऊन
किती लांब जातो ते बघेल.